आधी मणी काढ

परभणी
8 सप्टेंबर

चि. सोनू,


वाचन प्रेरणा दिनाला, 15 ऑक्टोबरला, वर्गातल्या सगळ्यांना हातानं केलेल्या पुस्तकखुणा द्यायच्या, हा तुमचा बेत झकास. पण तू पाठवलेला नमुना पाहिला आणि लगेच लिहायला बसले. टिकल्या, आरसे, मणी, वर लोकरीचा गोंडा! तोरणाला शोभेल बाई. पुस्तक मिटलं की त्या मण्याचा वळ पुढच्या-मागच्या पानांवर उठतो आणि बांधणी फाकते. खूण पातळ हवी, एवढं सांभाळ. बाकी हौस तुझी.

कार्डशीट विकत आणू नकोस. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच, त्यांचा कोरा भाग घे. उठावाचा गणपती असलेला तुकडा सोड. तो पानावर उमटतो आणि मुळात आजी त्याला कात्री लावू देणार नाही. पंधरा सेंटिमीटर लांब, चार रुंद पट्टी पुरे. कापण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघ. ज्या बाजूनं तो वाकायला कुरकुरतो, ती पट्टीची लांबी धर, म्हणजे ती ताठ राहते. टोकाला छिद्र पाडून सुती पांढरा दोरा ओव. रंगीत दोरा दमटपणात पानाला रंग लावतो, आणि कापसाच्या जिल्ह्यात नायलॉन कशाला? काही चिकटवायला पिठाची खळ वापरलीस तर अगदी जेमतेम. तिच्या वासावर कसर येते.

मला विचारशील तर पिंपळपानासारखी खूण नाही. पोथीत मोरपीस ठेवतात खरं, पण त्याचा दांडा जाड. तुमच्या गंगाखेडला पिंपळाला काय तोटा! पूर्ण वाढलेली, न फाटलेली पानं आजच पाण्यात घाल, तीन-चार आठवडे लागतात. अधूनमधून पाणी बदल, नाही तर वासानं आई घर डोक्यावर घेईल. गर सुटला की पान ताटात पसर आणि जुन्या मऊ ब्रशनं मधल्या शिरेपासून कडेकडे झाड. घाई केलीस की जाळी फाटते. मग दोन कोऱ्या कागदांत घालून जड पुस्तकाखाली वाळव.

लहान भावंडांसाठी जुन्या पाकिटाचा कोपरा तिरका काप. तो पानाच्या टोकावर टोपीसारखा बसतो. काहीच चिकटवावं लागत नाही.

पट्टीवर लिहायचं तर शाईपेक्षा पेन्सिल बरी. ओळी संत जनाबाईंच्या घ्या, गंगाखेड त्यांचंच गाव आहे.

आमच्या वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांत मला एसटीची तिकिटं, केसांच्या पिना, एकदा तर पोळीचा तुकडा सापडलाय. पिना गंजतात, वर्तमानपत्राच्या पट्टीनं पान पिवळं पडतं आणि ताज्या फुलाचा डाग कायमचा. हे वर्गात आवर्जून सांग.

नवा नमुना झाला की पाठव.

तुझी,
मावशी