ठरलेला सौदा व मागून आलेली जास्त बोली

(अभ्यासासाठीं शास्त्रभाग: स्तोत्र 15, यहोशवा 9, यिर्मया 32:6-15)

पुढील प्रसंग कोणत्याही गांवीं घडण्यासारखा आहे. सोमवारीं संध्याकाळीं एका शेतकऱ्यानें आपली बैलजोडी शेजारगांवच्या एका गृहस्थास 90 हजार रुपयांस देण्याचें ठरविलें. हातावर हात मारला, 1 हजार रुपये इसार घेतला, आणि बाकीची रक्कम देऊन गुरुवारीं बैल न्यावे असें ठरलें. मंगळवारीं सकाळीं गुरांचा एक हेडी दारीं आला. त्यानें बैलांचे दांत पाहिले, पाठीवरून हात फिरविला, आणि 1 लाख 5 हजार रुपये रोख मोजावयास काढले. बैल अजून दावणीसच आहेत. कागद झालेला नाहीं. मुलीच्या कॉलेजची फी भरावयाची राहिली आहे. त्या शेतकऱ्यानें काय करावें?

असें विचारलें म्हणजे बहुतेक जण प्रथम दावणीकडे बोट दाखवितात. बैल आपल्याच दारांत आहेत, इसार परत केला कीं हिशेब मिटला. फार तर दुप्पट इसार देऊं, असें म्हणतात. कोणी म्हणतो, तो तरी कोठें साधु आहे? भाव उतरला असता तर तोच पळाला असता. दुसरे कांहीं जण मोठ्या आवाजानें सांगतात कीं, शब्द तो शब्द. परंतु त्यांच्या स्वतःच्या दारीं हेडी आलेला नसतो. 15 हजार रुपये ही कांहीं लहान रक्कम नव्हे, आणि ज्यास ती सोडावयाची आहे त्याचें समाधान नुसत्या उपदेशानें होत नाहीं. म्हणून आपण जरा सावकाश पाहूं कीं, हा सौदा पुरा झाला केव्हां, आणि ते 15 हजार रुपये कोणाचे.

प्रथम देशाचा कायदा पाहूं, कारण त्याविषयीं आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. कागद नाहीं म्हणजे करार नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. परंतु 1872 च्या करार कायद्याप्रमाणें सज्ञान माणसांनीं राजीखुशीनें व मोबदल्यासाठीं केलेला तोंडी करारही सामान्यतः करारच होय. अडचण येते ती पुराव्याची. 1930 चा मालविक्री कायदा तर ह्याहून पुढें जातो. त्याच्या 20 व्या कलमाचा आशय असा कीं, एखादी ओळखून ठरविलेली वस्तु देण्यायोग्य स्थितींत असून तिची विक्री बिनशर्त ठरली, तर ठरतांच मालकी घेणाऱ्याकडे जाते; पैसे मागून द्यावयाचे असोत किंवा वस्तु मागून न्यावयाची असो, त्यानें फरक पडत नाहीं. उभयतांचा हेतु निराळा होता असें दिसलें, तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणजे आपल्या उदाहरणांतील बैल मंगळवारीं सकाळीं त्या शेतकऱ्याच्या दावणीस होते, त्याचीच वैरण खात होते, आणि तरीही ते त्याचे नव्हते! बाकीचे पैसे मिळेपर्यंत ते अडवून ठेवण्याचा हक्क त्यास होता. त्या सकाळीं दुसऱ्यास विकण्याचा नव्हता.

तथापि कायद्यासही सर्व कांहीं सांभाळतां येत नाहीं. पहिल्या सौद्याची ज्यास खबरच नाहीं अशा हेड्यानें प्रामाणिकपणें पैसे मोजून बैल नेले, तर त्याच कायद्याच्या 30 व्या कलमान्वयें त्याची खरेदी टिकते, आणि पहिल्या माणसाच्या हातीं नुकसानभरपाई मागणें एवढेंच उरतें. पेरणीच्या तोंडावर ज्याचे बैल गेले, तो भरपाईसाठीं तालुक्याच्या कोर्टांत किती खेपा घालील? बहुधा एकही नाहीं. मोडलेल्या शब्दाचें ओझें अशा रीतीनें ज्याच्याकडे वकिलास देण्यापुरतेही पैसे नाहींत त्याच्यावर पडतें.

जमिनीची रीत निराळी आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 54 व्या कलमाप्रमाणें 100 रुपये व त्यावरील किंमतीची स्थावर मिळकत नोंदलेल्या खरेदीखतावांचून विकली जात नाहीं, आणि नुसत्या साठेखतानें जमिनींत कोणताही हक्क उत्पन्न होत नाहीं. मालक फिरला तर करार पुरा करून मागण्याचा मार्ग 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यानें ठेविला आहे. परंतु साठेखत व खरेदीखत ह्यांच्यामधील महिन्यांतच मोठा रस्ता येणार अशी बातमी येते, भाव दुप्पट होतो, आणि एरवीं सरळ असलेला माणूस म्हणूं लागतो कीं, जमीन तर अजून माझ्याच नांवें आहे. सातबाऱ्यावर तें नांव आहे हें खरेंच. पण आपण शब्द दिला होता, हेंही तितकेंच खरें आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. 15 व्या स्तोत्रांत, परमेश्वराच्या मंडपांत कोण राहील, असा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरांत यज्ञ, उपास किंवा यात्रा ह्यांचें नांवही नाहीं. जीभ, शेजारी आणि पैसा, एवढेच विषय आहेत. चौथ्या वचनाच्या शेवटीं अशा मनुष्याचें वर्णन आहे कीं, वाहिलेल्या शपथेनें स्वतःचें नुकसान होत असलें तरी तो फिरत नाहीं. येथें अभ्यास करणारांनीं एक गोष्ट टिपून ठेवावी. "नुकसान होत असलें तरी" ह्या अर्थाचा जो हिब्रू शब्द आहे, तो जवळजवळ त्याच व्यंजनांनीं पण निराळ्या स्वरांनीं वाचला असतां "शेजाऱ्यास" असा अर्थ होतो, आणि प्राचीन ग्रीक भाषांतरांत तोच अर्थ घेतलेला आहे. कोणता पाठ मूळचा ह्याचा निर्णय पंडितांकडे ठेवूं. आमच्या बैलांच्या प्रश्नास दोन्ही लागू पडतात. एकांत विकणाऱ्याच्या तोट्याचा विचार आहे, तर दुसऱ्यांत गुरुवारीं दावें घेऊन येणाऱ्या माणसाचा.

गिबोनकरांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. शिळ्या भाकरी व फाटके बुधले दाखवून त्यांनीं इस्राएलाच्या सरदारांकडून शपथ मिळविली. तीन दिवसांनीं लबाडी उघडकीस आली, लोक कुरकुरूं लागले, तरी सरदारांनीं शपथ मोडली नाहीं. पुढें शौलानें त्या लोकांचा घात केला, तेव्हां दावीदाच्या काळीं देशावर तीन वर्षें दुष्काळ पडला, असें 2 शमुवेल 21 मध्यें सांगितलें आहे. ह्यावरून फसवून घेतलेला प्रत्येक करार पाळलाच पाहिजे असा नियम मात्र कोणी काढूं नये. आपल्या कायद्यांतही फसवणुकीनें झालेला करार फसलेल्या माणसास रद्द करतां येतो. आणि आपल्या शेतकऱ्यास तर कोणीं फसविलेंच नव्हतें. त्यानें आपला भाव आपण सांगितला होता.

यहूदी धर्मशास्त्र्यांनीं ह्या प्रश्नाचा फार बारीक विचार केला आहे, आणि तो आपल्या शिक्षकांस उपयोगी पडेल. त्यांच्या नियमाप्रमाणें जंगम वस्तु पैसे दिल्यानें घेणाऱ्याची होत नाहीं. त्यानें ती ओढून आपल्याकडे घेतली म्हणजे होते. म्हणजे पैसे पोंचले असूनही बैल ओढून नेलेला नसेल, तर विकणाऱ्यास कायद्यानें फिरतां येतें. परंतु असा फिरणारा मनुष्य मोकळा सुटत नाहीं. मिश्नेंत सांगितलें आहे कीं, ज्यानें जलप्रलयाच्या पिढीस शासन केलें, तोच आपल्या शब्दास न जागणाऱ्यासही शासन करील. न्यायसभा बैल परत देववीत नाहीं; पण फिरणाऱ्याच्या कानांवर हे शब्द घालते. पैसे मुळींच दिले नसून केवळ बोलणें झालें असेल, तर तेथें शाप नाहीं. तरी शब्द फिरविणाऱ्यास "विश्वासास उणा" म्हणावें कीं नाहीं ह्यावर दोन मोठ्या गुरूंचा वाद झाला. मागाहूनच्या स्मृतिकारांनीं, म्हणावें, असा कौल दिला. मध्यंतरीं बाजारभावच बदलला तर काय, ह्यावर मात्र त्यांच्यांत मतभेद राहिला. आम्हांस हा मतभेद प्रामाणिक वाटतो. सोपा प्रश्न असता तर तो इतकीं शतकें टिकला नसता.

ह्याच संबंधांत ते राव साफ्रा नांवाच्या गुरूचें उदाहरण देतात. हा चौथ्या शतकांत बाबेलच्या प्रदेशांत होऊन गेला. तो व्यापारही करी. तालमूदांत 15 व्या स्तोत्रांतील एकेका गुणास एकेक मनुष्य नेमून दिला आहे, आणि मनांतही सत्य बोलणारा म्हणून ह्याचें नांव आहे. गोष्ट फ्रान्समधील त्र्वा येथील प्रसिद्ध टीकाकारानें (1040-1105) आपल्या टीकेंत दिली आहे. राव साफ्रा "शमा" ही प्रार्थना म्हणत असतां एक गिऱ्हाईक आलें व त्याच्याजवळील वस्तूस अमुक किंमत देतों म्हणालें. प्रार्थना मध्येंच सोडतां येत नसल्यामुळें तो गप्प राहिला. गिऱ्हाइकास वाटलें, किंमत कमी पडली. म्हणून त्यानें ती वाढविली. प्रार्थना आटोपल्यावर राव साफ्रा म्हणाला कीं, तुम्ही पहिली किंमत सांगितली त्याच वेळीं मीं मनांत रुकार दिला होता, तेव्हां तीच द्या. (कोंकणांतील बेने इस्राएल लोकांनीं, इतर पुष्कळ विधि विसरले असतांही, हीच "शमा" जपून ठेविली होती, अशी त्यांची परंपरा सांगते.)

त्यानें वाढीव किंमत घेतली असती तर कोणत्याही न्यायाधीशानें त्यास दोष दिला नसता. गिऱ्हाइकासही कधीं कळलें नसतें. येथें अतिशयोक्तीपासून सावध राहावें. हा विरळा सज्जनपणाचा नमुना म्हणून सांगितलेला आहे, सर्वांवर लादलेला कायदा म्हणून नव्हे. रुकार देण्यापूर्वीं घासाघीस करण्यास, चार ठिकाणीं भाव विचारण्यास, किंवा "उद्यां सांगतों" असें म्हणण्यास कोणासही पूर्ण मोकळीक आहे. पण ज्यानें मनांतला रुकारही पाळला, त्याच्यापुढें हातावर हात मारून इसार घेतलेल्या माणसाची सबब फारच दुबळी दिसते.

तर ते 15 हजार रुपये कोणाचे? सोमवारीं सौदा ठरला तेव्हां पुढच्या दिवसांचा नफातोटा दोघांनीं वांटून घेतला. भाव पडता, तर हाच शेतकरी गुरुवारीं पूर्ण 90 हजार मागता, आणि त्याचें मागणें रास्तच असतें. मग भाव चढल्यावर तो चढ आपला कसा म्हणतां येईल? द्राक्षांचा किंवा कांद्याचा भाव उतरतांच ठरलेला दर कापणाऱ्या व्यापाऱ्यास आपण शिव्या देतों. आपलें करणें त्याच जातीचें असतें. घेणाऱ्यानेंही शब्द पाळावा, ह्याचें उदाहरण यिर्मयाचें आहे. शहरास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला असतां त्यानें अनाथोथ येथील शेत 17 शेकेल रुपें तोलून विकत घेतलें. त्या दिवसांत तें शेत कोणी फुकटही घेतलें नसतें.

खरी अडचण आली तर? मुलीची फी खरोखरच अडली असेल, तर एक मार्ग मोकळा आहे. सौदा मोडण्यापूर्वीं त्या गृहस्थाकडे जावें, हेड्यानें किती दिले तें न लपवितां सांगावें, आपली गरज सांगावी, आणि सोडतां काय असें विचारावें. त्यानें सोडलें तर तो उपकार होय; नाहीं म्हटलें तर बैल त्याचे. निरोप धाडून किंवा फोन बंद ठेवून हें काम होत नाहीं. हेड्यासही पहिल्या सौद्याची गोष्ट त्याच सकाळीं सांगून टाकावी, म्हणजे तोही भ्रमांत राहणार नाहीं.

मंडळीच्या वतीनें विक्री करणाऱ्या उपदेशकांस व पंचांस आणखी एक सूचना करावीशी वाटते. मंडळीच्या आवारांतील आंबे किंवा चिंच विकतांना, जो अधिकार आपल्याजवळ नाहीं त्याचा शब्द देऊं नये. "पंचांची मंजुरी मिळाल्यावर पक्कें" असें आरंभींच स्पष्ट सांगावें. मग मंजुरीपूर्वीं जास्त बोली आली तर ती पंचांपुढें ठेवण्यांत कपट नाहीं, उलट तें आपलें कर्तव्य आहे. परंतु मंजुरी कळविल्यानंतर, मंडळीचा फायदा होतो म्हणून शब्द फिरवूं नये. देवाच्या कामासाठीं म्हणून घेतलेले असे पैसे तर विशेषच बोचतात. कापणीच्या सणांत लिलाव होतो तेव्हां, हातोडा पडेपर्यंत किंवा रिवाजाप्रमाणें "तीन वार" म्हणेपर्यंत बोली बोलणारास ती मागें घेतां येते, आणि दुसऱ्यास वाढवितां येते. त्यानंतर दाराशीं येऊन कोणी दुप्पट देऊं लागला, तरी ती कोंबडी पहिल्याचीच.

आणि सौदा लहान असला तरी इसारपावती लिहावी. तींत जनावराचा रंग, शिंगें व वय, ठरलेली किंमत, दिलेला इसार, नेण्याचा दिवस, आणि त्या दिवशीं कोणी न आल्यास काय करावयाचें, एवढें असावें. खालीं दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार. यिर्मयानेंही साक्षीदार बोलावून खत लिहविलें, आणि तें पुष्कळ दिवस टिकावें म्हणून मातीच्या पात्रांत ठेवविलें होतें.