औंधच्या बहात्तर गावांचे राज्य

विट्याच्या बाजाराला आपण जातो. विट्याच्या एका अंगाला आटपाडी आहे, दुसऱ्या अंगाला कुंडल आहे. आज ही तिन्ही गावे एकाच सांगली जिल्ह्यात आहेत. स्वातंत्र्यापूर्वी तसे नव्हते. विट्यावर इंग्रज सरकारचा अंमल होता. आटपाडी आणि कुंडल मात्र औंध संस्थानात होती.

संस्थान म्हणजे राजाचे राज्य. वर इंग्रजांची सत्ता, खाली राजाचा कारभार. औंध संस्थान अगदी लहान होते. गावे सारी ७२. तीही सलग नव्हती. काही साताऱ्याकडे, काही आटपाडी-कुंडलकडे, तर काही पार विजापूरकडे. भवानराव पंतप्रतिनिधी हे तिथले राजे. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे ते हेच.

राजा म्हटला की हुकूम आला. सारा किती घ्यायचा, पैसा कशावर खर्च करायचा, हे राजा ठरवणार. रयतेने मान डोलवायची. पण औंधात निराळेच घडले. १९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेबांनी जाहीर केले, की राज्याचा कारभार आम्ही रयतेच्या हाती देणार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंड देशाचे एक इंजिनियर, मॉरिस फ्रीडमन, हे दोघे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. त्यांच्या सल्ल्याने राज्याची घटना तयार झाली. घटना म्हणजे राज्य कसे चालवायचे याचे लेखी नियम. १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली.

या घटनेची उभारणी कशी होती, ते पाहू. घर बांधताना आपण आधी पाया घालतो. आढे मागून चढते. औंधात तसेच केले. पाया गावाचा. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे. गावातले लहानसहान तंटे पंचांनी गावातच मिटवायचे. तालुक्यातल्या पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती व्हायची. आणि तालुक्यांनी निवडलेले सभासद औंधच्या विधिमंडळात बसायचे.

विधिमंडळ म्हणजे काय? जिथे लोकांनी निवडलेली माणसे बसून कायदे करतात, ती सभा. तिची कामे मुख्यतः तीन. कायदा करणे हे पहिले. सरकारने किती पैसा गोळा करायचा आणि कशावर खर्चायचा, याला मंजुरी देणे हे दुसरे. आणि कारभाऱ्यांना जाब विचारणे हे तिसरे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती तुमच्या-आमच्या जिव्हाळ्याची आहे. औंधात मत द्यायचे, तर लिहिता-वाचता आले पाहिजे, अशी अट होती. ही अट गांधीजींना पसंत होती. मत हा मोलाचा हक्क आहे, तो थोड्या कष्टाने मिळवावा, असे ते म्हणत. अट घातली की सरकारही लोकांना झटपट शिकवील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्याच घटनेत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते.

पण दुसरी बाजूही आहे. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याचा काय गुन्हा? तोही सारा भरतो. विहीर त्याच्याच घामाने खणली जाते. पाऊस पडला नाही, तर त्याचीच चूल विझते. आणि बायांना तर शाळेची वाट क्वचितच दिसली होती. मग कारभारात त्यांचा शब्द का नसावा? आम्हाला हे म्हणणे खरे वाटते.

पुढे देश स्वतंत्र झाला. ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात सामील झाले. त्याबरोबर औंधचे विधिमंडळही संपले. २६ जानेवारी १९५० पासून भारताची घटना लागू झाली. तिने शिकलेला-न शिकलेला हा भेद ठेवलाच नाही. प्रत्येक प्रौढाला एक मत. पहिल्या निवडणुकीत मतपेट्यांवर चित्रे लावली, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही आपला उमेदवार ओळखता यावा. मताचे वय तेव्हा २१ होते. १९८९ पासून ते १८ झाले.

आज मुंबईला महाराष्ट्राची विधानसभा आहे. तिचे आमदार २८८. एकेकाळी विटा एका राज्यात आणि आटपाडी दुसऱ्या राज्यात होती. आता दोघांचा मिळून एकच आमदार असतो.

मग मत द्यायला अक्षर लागत नाही, तर आपण हा उद्योग का करायचा? रात्री दमूनभागून पाटी का धरायची?

आम्ही सांगतो. मत एका दिवसात देऊन होते. कारभार पाच वर्षे चालतो. ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागते. तिच्यावर तारीख असते, विषय असतात. रस्त्याला किती पैसे आले, नळाला किती गेले, हे कागदावर लिहिलेले असते. वाचता येत नसेल, तर दुसरा सांगेल ते खरे धरावे लागते. वाचता आले, तर बोट ठेवून विचारता येते, "सरपंच, हा आकडा कसला?"

औंधात अक्षराने मत मिळत होते. आज मत आधीच आपले आहे. अक्षराने ते राखायचे आहे.

सांगा पाहू :
१. औंध संस्थानात किती गावे होती?
२. विधिमंडळाची तीन कामे कोणती?
३. मतासाठी साक्षरतेची अट असावी का? तुम्हाला काय वाटते, ते दोन ओळींत लिहा.
४. तुमच्या ग्रामसभेची पुढची नोटीस स्वतः वाचा. तिच्यातले विषय घरी सांगा.