येताना वारा समोर होता

"भिलाईवाल्यांना समुद्र काय कळणार!" हे वाक्य बोटमालकाने विजयदुर्गच्या जेटीवर आम्हा चौघांच्या तोंडावर फेकलं. चूक त्याची, आणि समुद्र कळत नव्हता आम्हाला! मी चौतीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलमध्ये काढली. 'विक्रांत' युद्धनौकेला लागलेल्या पोलादातलं काही भिलाईतूनच गेलंय. असो.

बेत साधा होता. जानेवारीत मांडव्याहून शिडाच्या बोटीने निघायचं, हर्णै, जयगड, विजयदुर्ग करत मालवण गाठायचं आणि तसंच परतायचं. जाताना पाच दिवस, येताना पाच. हे "येताना पाच" मालकाने फोनवर सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. गाढवपणा झाला तो तिथेच.

जाताना खरंच मजा आली. दुपारचा वायव्येचा वारा पाठीशी, शीड फुगलेलं, मालक गाणी म्हणतोय. मालवणहून परत फिरलो आणि गाणी थांबली. स्वारी नाश्ता आटोपून दहाला नांगर उचलायची. बारापासून तोच वारा तोंडावर. बोट लाटांवर आपटत होती, सौ. दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती, आणि हा इंजिन चालवून वर डिझेलचे पैसे मागत होता. विजयदुर्ग गाठायला रात्रीचे नऊ वाजले.

सकाळी जेटीवर एक म्हातारा तांडेल जाळं शिवत बसला होता. कुठे निघालात, म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं. "मुंबैक? शिडार? ह्या वाऱ्यात?" एवढंच म्हणाला आणि परत सुई चालवू लागला. हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. दहा दिवसांचा बेत आखताना परतीच्या वाऱ्याचा विचार कोणीच केला नव्हता, हे त्या क्षणी कळलं. मी मालकाला तसं विचारलं, तेव्हा त्याने ते वरचं वाक्य काढलं.

तर जाणाऱ्यांनो, आधी परतीचा हिशेब मांडा. वाऱ्याच्या थेट तोंडावर शीड चालत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांनी नागमोडी जावं लागतं. म्हणजे नकाशावरचे पंचवीस सागरी मैल पाण्यावर पस्तीस होतात, आणि चार नॉटच्या वेगाने त्याला नऊ तास लागतात. त्यापेक्षा एकाच दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे जा आणि आगगाडीने परत या. बोटीनेच परतायचं असेल तर पहाटे तीन-चारला निघा. तेव्हा जमिनीकडून मतलई वारा असतो. खारा वारा जोर धरायच्या आत बंदरात शिरा. मात्र अंधारात कोळ्यांच्या जाळ्यांवर नजर ठेवायला एक माणूस पुढे बसवा. दिवा नसलेला बोया दिसत नाही, जाळं पंख्यात अडकतं.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, तिथे भरती पाहूनच शिरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे मुंबईकडचं गणित. दक्षिणेला भरती थोडी आधी येते. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, गोव्याकडे दोनेक मीटरच. पक्के आकडे भरतीच्या छापील तक्त्यात मिळतात. समुद्राचे नकाशे आणि हे तक्ते निघतात डेहराडूनहून! तेव्हा समुद्रापासून लांब राहणाऱ्यांना काही कळत नाही, हे त्या बोटमालकाने तिथे जाऊन सांगावं.

दिवाळीच्या सुट्टीचा मोह धरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर वादळांचे असतात. 2009 मध्ये फयान चक्रीवादळ 11 नोव्हेंबरला किनाऱ्यावर आलं होतं. जून ते ऑगस्ट तर नावच काढू नका. जीवरक्षक जाकीट अंगात घाला, मळमळीवर आलं जवळ ठेवा, तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये भरून ठेवा. आणि डिझेल कोणाचं, हे कागदावर लिहून सही घ्या. फोनवरचा शब्द कोणी ऐकलेला नसतो.

आम्ही विजयदुर्गलाच उतरलो. एसटीने कणकवली, तिथून ठाणे, मग दुर्गची गाडी. सौ. वाटेत एकदाच बोलली, "बोटिंगला आपला भिलाईचा मैत्रीबाग पुरे होता."

उरलेल्या दिवसांचे साडेसतरा हजार मालकाने अजून परत केलेले नाहीत. फोन उचलतो, "नेटवर्क नाही" म्हणतो आणि ठेवतो.