वाफ्यातलं खापर

काल फोनवर म्हणालीस, "मावशी, बटाट्याच्या वाफ्यात लाल खापऱ्या निघतायत, फेकून देऊ का?" फेकू नकोस गं. तू इंग्लंडमधल्या कोलचेस्टरात घर घेतलं आहेस. रोमनांनी इसवी सन 49 मध्ये निवृत्त सैनिकांची वसाहत वसवली ती याच गावात, आणि अकरा-बारा वर्षांत बूडिका राणीच्या लोकांनी ती जाळली. इथल्या मातीत खापर निघणं नवलाचं नाही. ते काय आहे ते ओळखता यायला हवं.

आधी फुलझाडांची जुनी कुंडी बाजूला काढ. तीही लालच असते, पण तिचा पृष्ठभाग कोरडा, निस्तेज, विटेसारखा. रोमनांचं सेमियन भांडं मात्र आतून-बाहेरून गुळगुळीत, तकतकीत, मोडलेल्या कडेलाही तसंच लाल आणि बारीक पोताचं. ते गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, ढिगांनी यायचं. दुसऱ्या शतकात कोलचेस्टरच्या भट्ट्यांतही काही काळ बनलं. बुडाच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या नावाचा शिक्का आहे का, ते बोटानं चाचपून पाहा. आतून खडे रोवलेला जाड तुकडा निघाला तर तो वाटणाच्या खलाचा. आणि हाताला पेलवणार नाही असं जाड, मातकट खापर असेल, तर स्पेनहून तेल आणणाऱ्या अँफोऱ्याचं असू शकतं. रोमन अँफोऱ्यांची खापरं आपल्या नेवाशालाही निघाली आहेत, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा हे परकं गाव मला एकदम जवळचं वाटलं होतं.

आता हात धुऊन ऐक. खापर उचलण्याआधी फोटो काढ, शेजारी फुटपट्टी ठेवून. कुंपणापासून किती पावलं, घराच्या कोपऱ्यापासून किती, किती इंच खोल, हे वहीत पेन्सिलीनं लिही. तुकडा कुठे होता हे गेलं की त्याची निम्मी गोष्ट गेली. मी सुरुवातीला सगळ्या बागेतली खापरं एकाच बिस्किटाच्या डब्यात टाकली होती. आज डबा भरलेला आहे, पण कुठलं खापर कुठून निघालं ते मला सांगता येत नाही. ती चूक अजून सलते.

धुवायचं ते साध्या थंड पाण्यात, दात घासायच्या मऊ ब्रशनं, हलक्या हातानं. साबण नको, व्हिनेगर तर मुळीच नको. आतल्या बाजूला काळपट थर दिसला तर तो तसाच राहू दे, कारण तो स्वयंपाकाचा जळका लेप असू शकतो आणि प्रयोगशाळेत त्यातून काय शिजलं होतं ते निघतं. सावलीत वाळव, रेडिएटरवर नाही. तुकडे जुळले तरी सुपरग्लू लावू नकोस. तो नंतर सहज निघत नाही.

खड्डा मोठा करत जाऊ नकोस. भांडं अख्खं दिसलं, आणि त्यात पांढुरकी जळकी हाडं दिसली, तर तिथेच थांब. रोमनांकडे अस्थी मडक्यात पुरायची रीत होती. माणसाची हाडं वाटली की आधी पोलिसांना फोन कर. बाकी ते बघतात.

नुसती खापरं कळवलीच पाहिजेत असा कायदा नाही. पण ब्रिटिश म्युझियमच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा फाइंड्स लायझन ऑफिसर प्रत्येक भागात असतो, तो फुकट बघून नोंद करून देतो आणि खापर तुला परत मिळतं. मात्र मडक्यात सोन्या-चांदीची नाणी साठवलेली निघाली, तर 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे 14 दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं, मडक्यासकट. तुझा घरमालक वेगळा असता तर आधी त्यालाही सांगायला लागलं असतं. घर तुझंच आहे, तेवढं सोपं.

खापरं ठेवशील त्या पिशव्यांना भोकं पाडून ठेव, नाहीतर आत बुरशी येते. मी शनिवारी येते, माझा डबा घेऊन. वही तयार ठेव.