मेंदूच्या लहरी आणि त्या टिपण्याचीं साधनें

एक ते नऊ यांपैकीं एक आंकडा मनांत धरावा व तो कोणासहि सांगूं नये. मग समोरच्या पडद्यावर हे आंकडे उलटसुलट क्रमानें पुन्हां पुन्हां चमकूं लागतात. आपला आंकडा केव्हां येतो याकडे लक्ष ठेवावयाचें, एवढेंच मुलाचें काम. डोक्यावर टोपी असते व तिच्यांतून तारा निघालेल्या असतात. पलीकडे बसलेले लोक दुसऱ्या पडद्यावरील वांकड्यातिकड्या रेषा न्याहाळून त्याचा आंकडा ओळखूं पाहतात. चेक प्रजासत्ताकांतील वेस्ट बोहेमिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं हा प्रयोग शाळाशाळांतून नेला आणि २५० मुलांवर करून त्याची नोंद २०१७ सालीं प्रसिद्ध केली. मेंदूविषयींची माहिती संगणकाच्या साह्यानें जमविणें, जपणें व तपासणें या शास्त्रास न्यूरोइन्फर्मॅटिक्स म्हणतात. त्याच शास्त्राचा हा एक पाठ होय.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, ही तर मनकवडेपणाची विद्या झाली! गंमत अशी कीं, या शास्त्राचा पाया घालणारा मनुष्य तिच्याच शोधांत निघाला होता. हान्स बर्गर हा जर्मन तरुण घोडदळांत असतांना एकदां घोड्यावरून पडला व तोफेच्या गाड्याखालीं सांपडतां सांपडतां वांचला. त्याच दिवशीं त्याच्या वडिलांची खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीस भाऊ संकटांत असल्यासारखें वाटलें होतें. मनाची शक्ति अशी दूर जाते काय, हें शोधण्यासाठीं तो वैद्यकाकडे वळला. तें गूढ त्यास उकललें नाहीं. परंतु १९२४ सालीं येना येथें त्यानें मनुष्याच्या मेंदूची विद्युत् प्रथम टिपली आणि १९२९ सालीं ती जगापुढें मांडली. (लिव्हरपूलच्या रिचर्ड केटननें १८७५ मध्येंच ससे व माकडें यांच्या उघड्या मेंदूवर अशी विद्युत् पाहिली होती.) डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यांत सेकंदास सुमारें दहा लहरी उठतात व डोळे उघडतांच त्या मंदावतात, हें बर्गरनें दाखविलें. प्रथम फारसें कोणी विश्वास ठेवीना. १९३४ सालीं केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं तोच प्रयोग करून दाखविल्यावर शंका फिटली.

शंका येण्यास कारणहि तसेंच होतें. विजेरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट. डोक्याच्या कातडीवर मिळणारी लहर साधारणतः दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे दशलक्षांश! इतकी क्षीण वस्तु धरावयाची, म्हणून टोपींतील चांदीच्या लहान चकत्या, ज्यांस इलेक्ट्रोड म्हणतात, त्यांच्या व कातडीच्या मध्यें वीजवाहक मलम घालावें लागतें. चकत्या कोठें बसवावयाच्या याचाहि नियम आहे. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंतचें अंतर मोजून त्याचे शेंकडा दहा व वीस असे भाग पाडतात. ही रीत १९५८ पासून रूढ आहे. चेक मुलांच्या डोक्यावर मध्यरेषेवरील तीनच जागा घेतल्या होत्या. तेथून लहर वर्धकांत जाते. वर्धक केवळ मोठें करीत नाहीं. दोन जागांतील फरक तेवढा वाढवितो. घरांतील विजेच्या तारांची गुणगुण दोन्ही जागीं सारखीच पोंचते, म्हणून ती वजाबाकींत बरीचशी गळून जाते. मग सेकंदास शेंकडों, पुष्कळदां हजार वेळां, तिचें माप घेऊन तें आंकड्यांच्या रूपानें संगणकांत सांठवितात.

एवढें करूनहि रेषांत कांहीं दिसत नाहीं. मुलानें डोळा मिचकावला तरी मेंदूच्या लहरींहून मोठी उसळी उठते. ज्या आंकड्याची वाट पाहिली तो दिसल्यावर सुमारें तीनशें सहस्रांश सेकंदानें मेंदूंत एक लहानशी लहर उठते. १९६५ पासून परिचित असलेली ही लहर पी-३०० या नांवानें ओळखली जाते. ती या सर्व गोंधळांत बुडालेली असते. तिला वर काढण्याची युक्ति आमच्या मतें या विषयांतील सर्वांत सुंदर गोष्ट आहे. शाळेच्या पटांगणांत चारशें मुलें गलका करीत आहेत असें समजा. घंटा झाल्यावर बरोबर तीन सेकंदांनीं एक मुलगा हळूच ‘हजर’ म्हणतो. एकदां ऐकून कांहींच कळणार नाहीं. पण असे शंभर प्रसंग ध्वनिमुद्रित करून, सर्व घंटा एकावर एक जुळवून, त्यांची सरासरी काढली, तर गलका प्रत्येक वेळीं निराळा असल्यानें तो दहाव्या हिश्श्यावर उतरतो. ‘हजर’ मात्र जागच्या जागीं राहतो.

यांत सारी मदार घंटेवर आहे. म्हणून पडद्यावर आंकडा चमकतांच चित्र दाखविणाऱ्या संगणकाकडून लहरींच्या नोंदींत एक खूण पोंचावी लागते. ती खूण कधीं लवकर, कधीं उशिरां पडूं लागली, तर वर्धक कितीहि उंची असो, लहर फिसकटून सपाट होते. पडदा स्वतःच सेकंदास साठ वेळां चित्र बदलीत असल्यास सोळा सहस्रांशांचा घोळ तेथेंच होऊं शकतो! नवशिके यंत्राच्या किंमतीकडे पाहतात. जाणते प्रथम खुणेची परीक्षा घेतात.

पुढील काम सॉफ्टवेअरचें: नको त्या लहरी गाळणें, डोळ्यांच्या उसळ्या वेगळ्या काढणें, खुणेपाशीं तुकडे पाडणें, सरासरी घेणें. कॅलिफोर्नियांत तयार झालेलें व २००४ सालीं प्रसिद्ध झालेलें ईईजीलॅब आणि पायथन भाषेंतील एमएनई हीं दोन्ही विनामूल्य मिळतात, व तीं आंतून कशीं चालतात हेंहि कोणास वाचतां येतें.

तरीहि लहरी व खुणा एवढ्यावर भागत नाहीं. मुलाचें वय काय, तें डावखुरें आहे काय, इलेक्ट्रोड कोणते, मापें सेकंदास किती, हें लिहून न ठेविल्यास दहा वर्षांनीं ती फाईल म्हणजे नुसती आंकड्यांची रास. यासाठींच २०१९ सालीं अशा नोंदी कोणत्या सांच्यांत ठेवाव्या याची एक सर्वमान्य रीत प्रसिद्ध झाली. नांव मात्र गाळावयाचें. मेंदूची नोंद ही ज्याची त्याची खासगी वस्तु आहे. त्या २५० मुलांच्या नोंदींत प्रत्येकानें मनांत धरलेला आंकडा लिहिलेला आहे, आणि पलीकडे बसलेल्या लोकांनीं ओळखलेला आंकडाहि, मग ते जुळोत वा न जुळोत.