मेंदूतील आघातांची नोंद

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था आहे. ‘निम्हान्स’ या संक्षिप्त नावाने ती देशभर ओळखली जाते. या संस्थेत १९९५ साली डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने मानवी मेंदूंची पेढी स्थापन झाली. पेढी म्हटली की ठेव आलीच. येथील ठेव म्हणजे मृत व्यक्तीचा मेंदू, आणि ठेवीदार म्हणजे दुःखाच्या घटकेला संमतिपत्रावर सही करणारे तिचे नातलग. मेंदूचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये राखला जातो, काही भाग अतिशीत तपमानात गोठवून ठेवला जातो. पहिल्यावरून ऊतींची रचना समजते, दुसऱ्यावरून प्रथिने व आनुवंशिक द्रव्य तपासता येते. रस्त्यावरील अपघातात डोक्यास मार लागून दगावलेल्यांची शवचिकित्सा या संस्थेत होते, आणि पेढीकडे आलेले बरेचसे मेंदू याच वाटेने आलेले आहेत.

अशा पेढ्यांवाचून ज्याचा उलगडाच होऊ शकत नाही असा एक विकार आहे. ज्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे लहानमोठे आघात होत राहतात, अशा मुष्टियोद्ध्यांना व फुटबॉलपटूंना तो जडू शकतो. एकाच मोठ्या आघाताची गोष्ट निराळी असते. १९६२ साली बार्बाडोस येथे वेगवान चेंडू लागून भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली. ती दुखापत सर्वांनी पाहिली आणि शस्त्रक्रियेने त्यांचे प्राण वाचले. वारंवार होणाऱ्या आघातांत मात्र खेळाडू बहुधा कोसळतही नाही. तो क्षणभर चक्रावतो, डोके झटकतो आणि पुन्हा खेळू लागतो. पुढे दहा-वीस वर्षांनी विसराळूपणा, संताप, खिन्नता दिसू लागली म्हणजे घरच्यांना तो वयाचा किंवा स्वभावाचा दोष वाटतो.

अमेरिकेतील विकृतितज्ज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांच्या या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर १९७३ साली इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासले. त्यांनी केवळ मेंदूच तपासले नाहीत, तर मृतांच्या नातलगांना भेटून त्यांची जीवनकथाही जमवली. मेंदू आणि हकिकत यांची अशी सांगड घालणे ही त्या अभ्यासाची खरी शक्ती होती. २००२ साली पिट्सबर्ग येथे अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू माइक वेब्स्टर वयाच्या ५०व्या वर्षी वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ निर्दोषच दिसला. विकृती सूक्ष्मदर्शकाखालीच प्रकट झाली.

ही विकृती म्हणजे टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होत. निरोगी चेतापेशीत हे प्रथिन पेशीच्या लांब तंतूंतील सूक्ष्म नलिकांना आधार देते. धक्क्याने तंतू ताणले की ते सुटे होऊन गोळा होऊ लागते, असे मानले जाते. वृद्धांच्या अल्झायमर रोगातही टाऊ साचते; मग भेद कसा करावयाचा? त्याचे उत्तर स्थानात आहे. मेंदूच्या वळ्यांमधील खाचांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती हे प्रथिन जमलेले दिसले, तरच तज्ज्ञ आघातजन्य विकृतीचे निदान करतात. धक्क्याचा ताणही तेथेच अधिक पडतो. हा निकष २०१५ साली बॉस्टन येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरला. पुढे २०१९ साली केंब्रिज येथील संशोधकांनी दाखवून दिले, की या विकारातील टाऊच्या रेणूची घडीसुद्धा अल्झायमर रोगातील घडीहून निराळी असते.

जिवंत माणसाच्या मेंदूतील ही बारीक खूण पाहण्याची खात्रीची रीत अद्याप हाती आलेली नाही. टाऊला चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात सोडून २०१९ साली २६ माजी खेळाडूंची तपासणी झाली. निरोगी पुरुषांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूत सरासरीने टाऊ अधिक आढळले. परंतु एकेका व्यक्तीचे निदान करता येईल इतका तो फरक स्पष्ट नव्हता. २०२१ साली लक्षणांवर आधारलेले निकष प्रसिद्ध झाले. तेही संभाव्यतेच्याच भाषेत बोलतात.

मेंदूपेढ्यांच्या आकड्यांनाही जपून हाताळावे लागते. २०१७ साली बॉस्टनच्या संशोधकांना अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधील १११ खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. वृत्तपत्रांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला. परंतु ज्या घरांनी आजाराची लक्षणे पाहिली होती, मेंदू दान करण्यास तीच पुढे आली होती, ही गोष्ट संशोधकांनी स्वतःच सांगितली होती. याउलट फ्लोरिडातील मेयो क्लिनिकच्या मेंदूपेढीत खेळाडू म्हणून कोणाचीच निवड झालेली नव्हती. २०१५ साली तेथील जुनी कागदपत्रे चाळून, धक्काबुक्कीचे खेळ खेळलेले ६६ पुरुष शोधण्यात आले. त्यांपैकी २१ जणांत ही विकृती सापडली. असे खेळ न खेळलेल्या १९८ जणांत ती एकातही नव्हती. कागदावर खेळाची नोंद होती, म्हणूनच हे कळू शकले.

बंगळूरसारख्या पेढीचे महत्त्व येथे ध्यानात येते. अपघातामुळे आलेल्या मेंदूमागे कोणाचा संशय नसतो, म्हणून तुलनेसाठी तो मोलाचा ठरतो. याच शहरातील हलसूर, ऑस्टिन टाउन भागांत पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळला जात आहे. कबड्डी आणि मुष्टियुद्धही देशभर आहेतच. मेंदू या प्रश्नासाठी उपयोगी पडावयाचा, तर संमतिपत्राबरोबर आणखी काही विचारले पाहिजे: तो कोणता खेळ खेळत असे, कितव्या वर्षापासून आणि किती वर्षे, चेंडू डोक्याने मारीत असे काय, खेळताना कधी शुद्ध हरपली होती काय, अलीकडे स्वभाव पालटला होता काय. या प्रश्नांना उत्तरे देणारी बायको किंवा भाऊ त्या वेळी शवागाराबाहेर उभे असतात, आणि मेंदू ताजा राखण्यास हाती अवघे काही तास असतात.