हौजिंगचं तेल बदलताना गाडी उचलायची कशी

कांद्याची पिकअप, दुधाचा छोटा हत्ती, घरची बोलेरो किंवा ईको. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या या गाड्या मागच्या चाकांच्या जोरावर चालतात. इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा डिफरन्शियल मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर हौजिंगमध्ये असतो आणि त्याचं तेल वेगळं असतं. (स्विफ्ट, वॅगनआर यांना मागे हौजिंगच नसतं.) पावसाळ्यात ओढा ओलांडताना तापलेलं हौजिंग गार पाण्यात बुडतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाऊस उघडल्यावर, उसाचा हंगाम सुरू होण्याआधी हे तेल बघून घ्यावं.

तेल बदलणं सोपं आहे, जपायचं असतं ते गाडी उचलताना. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मागच्याच चाकांमुळे थांबते. त्यातलं एक चाक उचललं की डिफरन्शियल ते मोकळं फिरू देतो आणि गिअरची पकड सुटते. दोन्ही उचलली की हँडब्रेकचाही उपयोग नाही. मग गाडीला सरकण्यापासून अडवतात त्या फक्त पुढच्या चाकांच्या उट्या.

साहित्य

- गाडीच्या वजनाला पुरेल असा हायड्रॉलिक जॅक
- जॅक स्टँडची जोडी, प्रत्येकी निदान 3 टनांची
- पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लावायला चार लाकडी उट्या
- जॅक आणि स्टँडखाली घालायला दोन इंच जाडीच्या रुंद फळ्या
- नटांच्या मापाचे पाने, तांब्याचे नवे वॉशर, ऑइलचा हातपंप किंवा नळी, पसरट घमेलं
- मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल. बहुतेक ठिकाणी जीएल-5, 80डब्ल्यू-90 किंवा 85डब्ल्यू-140. प्रमाणही मॅन्युअलमधूनच घ्यावं.

कृती

1. गाडी उचलायची गरज आहे का, ते आधी पाहा. बोलेरो किंवा पिकअपच्या खाली अंगाला जागा होत असेल, तर चारही चाकं जमिनीवर ठेवूनच काम होतं. ईको किंवा छोट्या हत्तीखाली ती अडचण येते.

2. जागा निवडा. सपाट कोबा सर्वांत चांगला. भीमा-घोडकाठची काळी माती वरून कडक दिसली तरी आतून ओली असते आणि जॅकचा पाया तिरका होऊन रुततो. शेताच्या कडेला किंवा उतारावर हे काम करू नका.

3. गाडी पूर्ण रिकामी करा. रिकाम्या पिकअपचंच वजन दीड टनाच्या पुढे असतं. मग दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा, दौंडकरांनी कुरकुंभच्या रस्त्याला फिरून यावं. तेल कोमट झालं की गाळासकट बाहेर येतं. चटका बसेल इतकं गरम असेल तर थोडं थांबा.

4. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, किल्ली खिशात ठेवा. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या घट्ट ठोका.

5. हात पोचत असेल तर चाकं जमिनीवर असतानाच दोन्ही नट ढिले करा. आधी वरचा, भरायचा नट. तो निघालाच नाही आणि खालून तेल सोडून बसलात, तर गाडी जागेवरच अडकते. स्टँडवरच्या गाडीखाली पान्याला हिसके देण्याची वेळही यामुळे टळते.

6. जॅक फळीवर सरळ उभा ठेवा आणि मॅन्युअलमधल्या जागीच लावा. अ‍ॅक्सलच्या नळीवर स्प्रिंगजवळची जागा बहुधा चालते. हौजिंगच्या पत्र्याच्या झाकणाला किंवा नटाला जॅक लावू नका.

7. एक बाजू गरजेपुरती उचला, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा, जॅक हळू सोडून वजन स्टँडवर घ्या. उट्या पुन्हा पाहा, मग दुसरी बाजू. दोन्ही स्टँड एकाच खाचेवर हवेत. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक वापरू नका, ते काहीही इशारा न देता फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही जाऊ नका. आतलं सील गळलं की जॅक बसतो.

8. बाहेर उभं राहून गाडीला कमरेच्या उंचीवर चांगला रेटा द्या. डुलली, करकरली तर उतरवून पुन्हा लावा. स्थिर वाटली तर जॅक अ‍ॅक्सलला टेकवून ठेवा, स्टेपनी चासीखाली सरकवा आणि मगच आत जा. जवळ एक माणूस असू द्या, पोरांना लांब ठेवा.

9. घमेलं लावून खालचा नट काढा. तेल काळपट असेल तर काळजी नाही. ताकासारखं पांढुरकं आलं तर पाणी शिरलं आहे. नटाच्या चुंबकावर राखाडी लगदा चालतो. बोटाला टोचणारे कपचे किंवा दाताचा तुकडा दिसला तर क्राऊन-पिनियन मिस्त्रीला दाखवा. अ‍ॅक्सलच्या वरचा ब्रीदरही साफ करा. तो चिखलाने बुजला की आतला दाब सील ढकलतो आणि तेल ब्रेकवर येतं.

10. थेंब थांबले की नवा वॉशर घालून खालचा नट आवळा. गाडी उलट क्रमाने उतरवा, उट्या मात्र शेवटी काढा.

11. तेल गाडी जमिनीवर आल्यावर भरा. मागून उचललेल्या गाडीचं हौजिंग पुढे कललेलं असतं, त्यामुळे पातळी चुकते. वरच्या भोकातून नळीने भरत राहा. तेल काठाशी येऊन बाहेर झिरपू लागलं की थांबा. झिरपणं थांबलं की नट लावा. भरून होईपर्यंत किल्ली ऑइलच्या कॅनला बांधून ठेवावी, म्हणजे घरातलं दुसरं कोणी कोरड्या हौजिंगवर गाडी काढणार नाही.

12. उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जीएल-4 मागणाऱ्या गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना जीएल-5 मानवेलच असं नाही.

13. जुनं तेल कॅनमध्ये भरून परवानाधारक गोळा करणाऱ्याकडे किंवा ते पुढे पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. 2016 च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे. ओढ्यात ओतलेलं तेल घोड-भीमेतून उजनीच्या पाण्यात जातं.

पहिल्या फेरीनंतर दोन्ही नटांखाली बोट फिरवा. ओलसर लागलं तर वॉशर तपासा, पातळी पाहा. पुढच्या वेळी विसर पडू नये म्हणून तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.